आय-७, १६ जीबी, १ टीबी: एकही शब्द खोटा नव्हता, तरी गंडवलं

जुना लॅपटॉप विकणारा खोटं बोलेल, याची माझी तयारी होती. हा माणूस खोटं बोललाच नाही आणि तिथेच घात झाला.

जाहिरात अशी होती: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स, १ टीबी, एसएसडी, विंडोज ११.

आता हातात काय पडलं ते ऐका. इंटेलचा आय-७ आहे, पण आय-७-४६००यू. चौथी पिढी, २०१३ सालची, कोअर अवघे २. १ टीबी आहे, पण ती फिरणारी हार्ड डिस्क. एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, ती वेगळी, १२८ जीबीची. जाहिरातीतल्या त्या एका स्वल्पविरामाने मला नागवलं. आणि ८ जीबी ग्राफिक्स? वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही! विंडोज एकूण रॅमच्या निम्मी रॅम 'शेअर्ड जीपीयू मेमरी', म्हणजे ग्राफिक्सला उसनी मिळू शकणारी मेमरी, म्हणून दाखवतं, १६ चे निम्मे ८. म्हणजे माझीच रॅम मला दोनदा विकली.

चीड येते ती त्या एका क्षणाची. पैसे देण्याआधी लॅपटॉप बघत होतो, विंडोजमधलं माहितीचं 'अबाउट'चं पान उघडं होतं, आय-७ पुढचा तो ४ माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मी विचारलं भलतंच: १ टीबीच्या जागी ९३१ जीबी का दिसतंय? विकणाऱ्याने शांतपणे समजावलं, की बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. हे शंभर टक्के खरं आहे. इतकं खरं सांगणारा बाकीचं कशाला लपवेल? तुम्हालाही तसंच वाटलं असतं. मी रोज लॅपटॉपवर काम करतो, पण प्रोसेसरच्या पिढ्या पाठ असणं ही काय खरेदीची पात्रता झाली?

नुसतं 'आय-७' म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. डॅशनंतरचे आकडे वाचा: ४६०० म्हणजे चौथी पिढी, ८५५० आठवी, १०५१० दहावी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. माझ्या लॅपटॉपवर ते तपासणी चुकवून घातलं होतं.

विकणाऱ्याने हात वर केले: 'सांगितलं तेच दिलं.' जाहिरात जिथे होती त्यांनी 'वस्तू वर्णनाशी जुळते' म्हणून तक्रार बंद केली. पुन्हा उघडली तर आय-७ नसल्याचा पुरावा मागितला. अहो, आहे हीच तर तक्रार आहे! फोनवरच्या बाईंना रॅम आणि स्टोरेजमधला फरक समजावून घसा कोरडा पडला, त्यांनी नोंद केली 'ग्राहकाची मेमरी कमी आहे'. खरंच तसं लिहिलंय. पोलिसांनी विचारलं, 'चालू होतो ना?' होतो म्हटल्यावर वही मिटली. हा व्यवहारातला वाद, ग्राहक न्यायालयात जा. तिथे पोचेपर्यंत हा चौथ्या पिढीचा डबा कुठल्या अवस्थेत असेल, हे कोणी सांगत नाही.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर स्वतः उघडा. डिस्कखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, जीपीयूत (ग्राफिक्सखाली) 'डेडिकेटेड', म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी किती, ते बघा. माउस विकणाऱ्याच्या हातात देऊ नका. विंडोजच्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ऑर्गनायझेशन' दिसलं तर सरळ उठा, ते लायसन्स कुठल्या तरी संस्थेचं, तुमचं नाही.

विंडोजमधूनच बॅटरीचा रिपोर्ट निघतो, हे मला पैसे दिल्यावर कळलं. मूळ क्षमता ४७,००० मिलीवॅट-तास, आता पूर्ण चार्ज झाल्यावर १६,४००. तीही तक्रार टाकली. उत्तर आलं: जाहिरातीत बॅटरीचा उल्लेख नव्हता.