शोरूमची फुकट धुलाई: दीड वर्ष, चार सर्व्हिसिंग आणि एक काळी गाडी

गाडी घेतली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "काळी घेऊ नको, जळगावात काळी गाडी म्हणजे तवा." उन्हाचं त्यांचं म्हणणं खरंच ठरलं. पण काळ्या रंगाचा दुसरा त्रास ना त्यांना माहीत होता, ना मला. काळ्या गाडीवर प्रत्येक पाप दिसतं. पांढरी घेतली असती तर हे लिहायची वेळच आली नसती, कारण सर्व्हिसिंगच्या फुकट धुण्याने नुकसान झालं असतं पण कळलं नसतं.

आधी माझा वापर सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. राहायला जळगाव, शेत सावद्याजवळ. दर शनिवार-रविवारी भुसावळवरून तापीचा पूल ओलांडून जायचं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शेवटचा दीड किलोमीटर शेतरस्ता. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाच्या कमानीत अशी बसते की वाळली की वीट. उन्हाळ्यात धूळ. हायवेवर पुढे वीज केंद्रातल्या राखेचा ट्रक लागला तर बॉनेटवर करडा थर, आणि ही राख हाताला पिठासारखी लागली तरी चांगलीच खरखरीत असते.

पहिली सर्व्हिसिंग हजार किलोमीटरला. गाडी धुऊन, पुसून, टायर चकाचक करून हातात दिली. मी खूश. फुकट आणि वर घरी नळाचं पाणी वाचलं. डॅशबोर्डला तेलकट पॉलिश फासलं होतं, त्याचं प्रतिबिंब दुपारी काचेत पडून डोळ्यावर येत होतं, ते मी घरी येऊन ओल्या कपड्याने पुसलं. एवढंच.

दुसरी सर्व्हिसिंग पाच हजारला, एप्रिलमध्ये. संध्याकाळी घरी आणली तेव्हा चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या उन्हात बघितलं तर बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा. छतावर आणि काचांवर पांढरे ठिपके. ठिपक्यांचं कारण आपल्याकडे कुणालाही कळेल: बोअरचं जड पाणी, चाळीसच्या वरचं ऊन, पुसायच्या आत पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. घरच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच हा. पातळ व्हिनेगरने बरेचसे निघाले, छतावरचे तीन-चार अजून आहेत.

रेघांचं कारण शोधायला मी पुढच्या वेळी मुद्दाम वॉशिंग बेजवळ जाऊन उभी राहिले. प्लास्टिकची एक बादली, त्यात शाम्पू, एक फडकं. आधीच्या गाडीची चाकं पुसलेलं फडकं त्याच बादलीत बुडवून पुढच्या गाडीच्या दारावर. धुणारा पोरगा अमळनेरकडचा. मी विचारलं तर हसून म्हणाला, "ताई, गाड्या वीस शेतस (आहेत), फडकं एकच." त्याला काय बोलणार? पाचनंतर सगळ्यांना आपापली गाडी हवी असते, आणि साखळीत धुणं शेवटी येतं, म्हणून घाईही तिथेच होते.

रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याहून जाड. रेघा याच थरावर पडतात. त्या घालवायच्या म्हणजे मशीनने पॉलिश करायचं, आणि पॉलिश म्हणजे तोच थर थोडा घासून काढायचा. म्हणजे फुकटच्या धुण्याने पाडलेल्या रेघा पैसे देऊन, आहे तो थर कमी करून घालवायच्या. वर गंमत अशी, की रेघा दाखवल्या तेव्हा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने लगेच सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराचं, पत्रक पुढे केलं. वीस हजारांच्या आसपास. "मॅडम, एकदा केलं की टेन्शन नाही." कोटिंगच्या आधी त्यांनाही याच रेघा घासून काढाव्या लागतात, आणि नंतर धुणार कोण, तर तेच फडकं. मी घेतलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. तिसरी सर्व्हिसिंग पावसाळा संपल्यावर झाली. गाडीखाली निदान दोन टोपल्या शेत होतं. त्यांनी लिफ्टवर चढवून खालून प्रेशरने धुतली, कमानीतल्या विटा फोडून काढल्या, दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची जी बारीक भोकं असतात ती मोकळी केली. हे मला घरी जन्मात जमणार नाही. ओली माती पत्र्याच्या सांध्यात महिनोन्‌महिने बसून राहिली की गंज तिथूनच धरतो, आणि काळी माती पाणी धरून ठेवण्यात आपल्याकडे पहिली. कपाशीला ते बरं, गाडीला नाही.

पण त्याच वेळी उत्साहाच्या भरात त्यांनी बॉनेट उघडून इंजिनवरही पाणी मारलं, समोरच्या जाळीतूनही मारलं. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजवला तर बकरी ओरडल्यासारखा आवाज. भुसावळपर्यंत मी तशीच गेले, लोक वळून बघत होते. दोन दिवसांत पाणी सुकलं आणि हॉर्न माणसात आला. ब्रेक डिस्कवर रात्रीतून जो तांबूस गंज दिसतो त्याला मात्र घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो.

चौथ्या वेळी मी जॉबकार्डवर, म्हणजे करायची कामं लिहितात त्या कागदावर, स्वतः लिहायला लावलं: वरून धुऊ नका, पुसूही नका, खालचं धुणं तपासणीनंतर. अ‍ॅडव्हायझरचा चेहरा असा, जणू मी लग्नात जाऊन जेवण नको म्हटलं. "मॅडम, फ्री आहे." सही करताना जॉबकार्ड वाचून घ्या, तोंडी सांगितलेलं वॉशिंग बेपर्यंत पोचत नाही. मी वर स्टिअरिंगला कागदही चिकटवला होता.

"तपासणीनंतर" हा शब्द मला शेजारच्या जुन्या मेकॅनिक काकांनी सुचवला होता. त्यांचं म्हणणं, धुतलेल्या गाडीची गळती दिसत नाही. आणि तसंच निघालं. पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं. ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे चाक फिरवणारा दांडा, त्याच्या सांध्यावरच्या रबरी आवरणाला, बुटाला, चीर गेली होती, बहुतेक शेतरस्त्यावरच्या दगडाने. आधी धुतली असती तर ग्रीस वाहून गेलं असतं, चीर राहिली असती, आत धूळ जाऊन जॉइंट खराब झाला असता. बूट बदलणं आणि अख्खा शाफ्ट बदलणं यातला फरक तुमच्या मेकॅनिकला विचारा.

आणखी एक फायदा मला अपेक्षित नव्हता. गाडी दुपारी दोनला मिळाली. एरवी काम झालेली गाडी धुण्याच्या रांगेत दीड-दोन तास उभी असते. त्या दिवशी मी अंधाराच्या आत शेतावर होते. सीट मागे-पुढे सरकवलेली नव्हती, आणि दाराच्या खणातली चिल्लरही जागेवर होती.

वरून आता घरीच धुते, सकाळी सातच्या आत, सावलीत. आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली सोडायची, मग शाम्पू, दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खंगाळायची. वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. शेवटी मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यायचं. पाऊण तास जातो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली की दोन आठवडे धूळ तशीच राहू देते. बसलेली धूळ रेघा पाडत नाही, तिच्यावर कोरडं फडकं मारलं की पडतात. आप्पांना हे पटत नाही. ते खांद्यावरच्या उपरण्याने बॉनेट पुसायला येतात आणि मी धावते.

केळीच्या चिकाचं विचाराल तर सीटवर पडलेला डाग शोरूमकडूनही गेला नाही, माझ्याकडूनही नाही. आता घड डिकीत जुन्या गोणपाटावर ठेवते.

पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल, पाच-सहा वर्षांत विकायची असेल, तर बिनधास्त धुऊ द्या, फक्त इंजिनवर पाणी नको म्हणून लिहा. गडद रंग असेल तर वरचा भाग त्यांच्या हाती देऊ नका. खालचं मात्र पावसाळ्यानंतर एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या, बाहेर वॉशिंग सेंटरवर केलं तर मला साडेतीनशे पडले आणि कमानीतली अर्धी माती तशीच होती. पुढची सर्व्हिसिंग दिवाळीच्या आसपास येईल. तेव्हा जॉबकार्डवर डॅशबोर्डच्या पॉलिशचंही लिहायचं आहे, या वेळी ते राहिलं आणि काच परत चमकतेय.