डोळे माझे दाखवायला गेलो, चिठ्ठी निघाली ह्यांच्या नावाची

बडोद्यात दांडिया बाजारात राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत दुपारी चारनंतर टाका पुसट दिसायला लागला. दोनचारदा डोळे मिचकावले की साफ, पाच मिनिटांनी परत तेच. आधी एका चष्म्याच्या दुकानात गेले (कुठलं ते लिहीत नाही). मशीनवर हनुवटी टेकवली न टेकवली तोच नंबर बदललाय म्हणाले आणि ४,८०० रुपयांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) गळ्यात मारला. पुसटपणा होता तिथेच. वर जिना उतरताना पायऱ्या हलायला लागल्या, ते निराळंच.

मग शेजारणीच्या सांगण्यावरून सूरसागरच्या बाजूच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आधी तक्रारी उरकते. वेळ ५ ची होती, आत बोलावलं ६:४० ला. लिफ्ट नाही. टीव्हीवर गुजराती मालिका एवढ्या मोठ्याने की आपलं नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालणार हे फोनवर सांगत नाहीत. थेंब घातले की चार-पाच तास सगळं धूसर, स्कूटर चालवायची नाही. आमचे हे सोबत होते म्हणून निभावलं.

आता डॉक्टर बेन. मशीनकडे नेण्याआधी त्यांनी मला दहा मिनिटं नुसतं विचारलं. पुसट कधी होतं, किती वेळ राहतं, मिचकावल्यावर जातं का, एका डोळ्याला की दोन्हीला. मग दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाची एकेक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. आपण मूर्खासारखे दिसतोय असं वाटत राहतं, पण बसायचं. पट्टी ६ मिलिमीटर भिजली, १० च्या पुढे जायला हवी होती. म्हणजे डोळे कोरडे. बारीक काम करताना माणूस पापण्या लववायचाच विसरतो, अश्रूंचा थर जागोजागी तुटतो आणि पुसट दिसतं. अश्रूंसारखे थेंब दिवसातून चारदा, पंख्याचा झोत तोंडावर नको, अधूनमधून मान वर करून लांब बघायचं. चष्मा ४,८०० चा, थेंबांची बाटली दोनशेच्या आत.

मी पर्स उचलली. तेवढ्यात हे दाराशी उभ्या उभ्या म्हणाले, "मलाही होतं कधीकधी. गेल्या बुधवारी पेपर वाचताना उजवीकडे दुकानाचं शटर ओढल्यासारखं वरून खाली काळं आलं. दोनेक मिनिटांत गेलं." घरी मला अक्षर नाही सांगितलं! दुखलं नाही, आपोआप परत आलं, मग सांगायचं काय, हे ह्यांचं म्हणणं.

डॉक्टर बेननी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "काका, एक आंख के बेउ?" ह्यांनी तेव्हा एकेक डोळा झाकून पाहिला होता म्हणे. डावा झाकला तर सगळा अंधार, उजवा झाकला तर पेपर साफ. नशीब, एवढं तरी केलं. मग प्रश्नांची सरबत्तीच. हातपाय, बोलणं, तोंड वाकडं झालं का? कानशिलाशी दुखतं का, केस विंचरताना, घास चावताना जबडा दुखतो का? चमका, काळे ठिपके दिसले का? बीपीची गोळी रोज घेता का? (नाही. रविवारी सुट्टी. गोळीला!) नाडी स्वतः धरून बसल्या, बीपी १७०/१००, मग डोळ्याचा पडदा तपासला. पडदा ठीक होता.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मानेचं चित्र काढून दाखवलं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबी साठते, तिचा कण सुटून डोळ्याच्या बारीक नळीत अडकतो, पुढे सरकला की दिसायला लागतं. तोच कण मेंदूकडे गेला तर लकवा. आणि असं झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे, ह्यांनी तर आठवडा काढलेला. "आजे ज. काले नहीं," म्हणाल्या, चिठ्ठी लिहिली आणि मोठ्या हॉस्पिटलात स्वतः फोन केला. ह्यांचे पैसे घेतले नाहीत, केसपेपर माझाच होता ना.

माझ्या भाचीला नागमोडी चमचमत्या रेघा दिसतात, वीसेक मिनिटं, आणि मग डोकं धरतं, तेही मी विचारून घेतलं. त्या रेघा दोन्ही डोळ्यांत दिसतात, बहुधा मायग्रेन, पण एकदा दाखवायला आणा म्हणाल्या. एका डोळ्यापुढे अंधार येणं ही वेगळी गोष्ट. दिव्याभोवती रंगीत कडी, डोळा लाल आणि ठणका, वर उलटी, असं झालं तरी थांबायचं नाही, तेव्हा डोळ्याच्या आतला दाब चढलेला असू शकतो.

रात्री नऊला मानेची सोनोग्राफी झाली. उजवी रक्तवाहिनी बरीच अरुंद. रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाली, बीपीची आता रविवारीही मीच हातावर ठेवते. ऑपरेशन करायचं की नाही ते पुढच्या आठवड्यात ठरेल.

पाचातला एक तारा कापलाय तो टीव्हीचा आणि पावणेदोन तासांचा. जाणार असाल तर सकाळची वेळ मागा, आणि सोबत नेलेल्या माणसाला बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा.