टाईल्सचा प्रायमर: कुठे पैसे वसूल, कुठे वाया

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानांत पाण्यात मिसळायचा अॅक्रेलिक टाईल प्रायमर आता सहज मिळतो. सिमेंटच्या छपाईवर (प्लास्टरवर), त्यातही उन्हाळ्यातल्या कामाला, तो घ्यावाच. मात्र दुकानात नुसतं ‘प्रायमर’ म्हटलं की बरेचदा रंगाखालचा पांढरा वॉल प्रायमर हातात पडतो. तो टाईलखाली चालत नाही. टाईल चिकटवायचा मसाला, म्हणजे अॅडहेसिव्ह, छपाईला न धरता त्या पांढऱ्या थराला धरतं आणि थर टाईलसकट सुटून येतो. डब्यावर टाईलचा उल्लेख वाचूनच पैसे द्या.

टाईलचा प्रायमर कामं दोनच करतो: भिंतीची तहान कमी करतो आणि उरलीसुरली बारीक धूळ बांधतो. मे महिन्यात 45 अंशांत तापलेली छपाई अॅडहेसिव्हमधलं पाणी झटक्यात ओढून घेते. सिमेंटने पकड घ्यायच्या आधीच मसाल्यावर साय धरते. टाईल बसल्यासारखी दिसते, पण चार-सहा महिन्यांनी ठोकून पाहिली की पोकळ वाजते. प्रायमर असला की मिस्त्रीला टाईल सरकवून ओळंब्यात आणायला वेळ मिळतो. तरीही मसाला एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरताच पसरवा आणि पश्चिमेची भिंत सकाळीच उरका.

घ्यायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडून पाहा. लगेच पिऊन टाकलं तर प्रायमर हवा. थेंब तसेच ओघळले तर वर ऑइल पेंट किंवा तेलकटपणा आहे, तिथे प्रायमर आत शिरणारच नाही. रंग, चुना, डिस्टेंपर, पुट्टी सगळं खरवडून छपाई उघडी करा. गुळगुळीत भागाला टाचे मारून तो खडबडीत करा, पोकळ वाजणारी छपाई तोडून 1:4 च्या (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाने नवी भरा. नव्या छपाईला निदान 7 दिवस पाणी मारा आणि टाईल साधारण 28 दिवसांनी लावा.

लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा पांढरा क्षार, लागलेल्या भिंतीवर हा डबा फुकट जातो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यात छपाई केली की क्षार आतून फुटून वर येतात आणि प्रायमरचा पापुद्राच ढकलून काढतात. ओल कुठून येते ते आधी बंद करा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, मऊ झालेली छपाई काढा. काळ्या मातीवरच्या घरांत दाराच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दर उन्हाळ्यात उघडत असेल, तर प्रायमर तिला थांबवत नाही. वरची टाईलही तडकते. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगची जागाही तो घेत नाही.

किती लागेल? 6 बाय 5 फुटांचं बाथरूम, 7 फुटांपर्यंत टाईल्स, दार वजा करून साधारण 135 चौरस फूट. डब्यावर लिटरला 100 चौरस फूट लिहिलं असेल तर एका हाताला (एका थराला) दीड लिटर धरा, खरबरीत छपाई जास्त पिते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पुरवठ्याला यावा म्हणून पातळ केला की धूळ बांधलीच जात नाही.

बोटाला चिकटेनासा झाला की टाईल्स सुरू करा. दोन दिवस तसाच सोडला तर उन्हाळी वाऱ्याची धूळ त्यावर बसते. मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा एक हात मारावा लागतो. घेताना उत्पादनाची तारीख बघा आणि झाकण उघडून ढवळा. टिनाच्या शेडखाली तापलेल्या मालात गुठळ्या दिसल्या तर तो डबा तिथेच परत करा.