कमी ढाळाच्या वर्कशॉपवर कोणता पत्रा टाकावा? सिमेंट, जीआय, कलर की पफ

मेव्हण्याचं चोपड्याला ट्रॉली दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, जागा 20 बाय 40, मागच्या बाजूला शेजारच्याची खिडकी आणि पुढून ट्रॉली आत यायला उंची पाहिजेच, त्यामुळे ढाळ काढून काढून फुटाला एक इंच निघतो, म्हणजे 20 फुटात 20 इंच, जेमतेम पाच अंश. आता प्रत्येक जण पत्रा स्वस्त कोणता ते विचारतो पण भो, एवढ्या कमी ढाळाला खरा प्रश्न जोडाचा आहे. पाणी हळू वाहतं, जोडापाशी रेंगाळतं आणि वारा असला की उलटं चढतं. आमच्या जुन्या शेडवर जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे, दोन-दोन तुकडे होते, फॅब्रिकेटरनं चढाव (जोडात वरचा पत्रा खालच्यावर येतो तेवढा भाग) सहा इंचच ठेवला, उभ्या छताला तो चालला असता, आमच्याकडं मृगाच्या पहिल्याच पावसात लेथवर धार. सिलिकॉन मारलं, दोन पावसाळे टिकलं, मग परत तेच.

आता सिमेंटचा पत्रा बघा. तीन मीटरच्या वर मिळत नाही, म्हणजे 20 फुटाला तीन पत्रे आणि दोन आडवे जोड, त्यात त्याला मुळात ढाळ जास्त लागतो, आणि वजन कलर पत्र्याच्या (रंगाचं कोटिंग दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या) अडीच-तीनपट म्हणून खालचं लोखंडही वाढतं. उन्हात टिनापेक्षा बरा आणि पावसात आवाज कमी हे मान्य. पण त्यावर पाय पडला की माणूस खाली, आणि ॲस्बेस्टॉसवाला असेल तर कापताना-भोक पाडताना उडणारी धूळ छातीत जाते, त्यानं कॅन्सर होऊ शकतो. बिनॲस्बेस्टॉसचा मिळतो, तरी जोडाचं दुखणं तेच. मी तरी कमी ढाळाला नाहीच म्हणेन.

साधा पन्हाळी जीआय सगळ्यात सोपा, कोणत्याही दुकानात मिळतो, पण साधारण 12 फुटापर्यंत, म्हणजे एक जोड आलाच. घ्यायचाच असेल तर चढाव 9 ते 12 इंच ठेवा आणि मधे सीलंट टेप टाका.

कलर पत्रा इथं जिंकतो तो दिसण्यामुळे नाही, तर रोल फॉर्मिंगवाला (मशीनवर पत्र्याला पन्हाळ पाडणारा) लागेल त्या मापाचा काढून देतो म्हणून. 22 फुटी एकच पत्रा, आडवा जोडच नाही. फक्त तो छोटा हत्तीत बसत नाही, गाडीचं भाडं आधी धरा. कलर पत्र्यात गॅल्व्हल्यूमवाला मिळतो, त्याच्या कोटिंगात 55 टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं, गंजाला साध्या जीआयपेक्षा चांगलं. दुकानदार जाडी 0.50 एमएम म्हणाला तर ती रंग-कोटिंग धरून का निव्वळ लोखंड ते विचारा, खेळ तिथंच असतो. आणि छतावर ग्राइंडरनं कापू देऊ नका, चुरा पत्र्यावर राहिला की महिन्याभरात तांबडे ठिपके. स्क्रू रबरी वायसरचे, उंचवट्यावर, आणि एवढे आवळू नका की वायसर चपटा होईल.

पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला, एकदम भारी, मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्याची किंमत कळते, आणि हिवाळ्यात पहाटे पत्र्याखाली दव जमून थेंब पडतात तेही थांबतं. पण सगळ्यात महाग, आणि आतला फोम जळतो, त्याच्याजवळ वेल्डिंग म्हणजे जरा जपूनच. जुन्या लोकांचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, या बाबतीत हुशार होतं, जाड मातीखाली दुपारी झोप लागायची, पण त्या वजनाला सागवानी कड्या आता आणायच्या कुठून.

उजेडासाठी वर पॉलिकार्बोनेट टाकतात, ते उन्हानं जास्त फुगतं म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं लागतं, आणि कमी ढाळावर आपल्याकडची धूळ बसून ते महिनाभरात आंधळं होतं. त्यापेक्षा उत्तरेच्या भिंतीत वर उजेडाची पट्टी ठेवा.

सांगाड्याबद्दल: मधे खांब ट्रॉलीला आडवा येतो म्हणून 20 फुटाला ट्रस (लोखंडी कैची) लागेल, दर 10 फुटावर एक, त्यावर 100 एमएमचे सी पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते सी आकाराचे आडवे लोखंड) 4 फुटावर, कडेला 3 फुटावर. चौकोनी पाइप स्वस्त पडतो, पण तोंडं बंद केली नाहीत तर आतून गंजतो आणि कळतही नाही. सी ची उघडी बाजू चढाकडं ठेवायला सांगा. आणि एक, हलक्या छताला वजनाची भीती कमी, वाऱ्याची जास्त. रावेर-यावलकडं केळी आडवी करणारं वादळ पत्राही वर ओढतं, त्यामुळे खांब काँक्रीटमध्ये बोल्टनं धरलेला पाहिजे, नुसता भिंतीवर टेकवलेला नको. चेन पुली पर्लिनला कधीच लटकवायची नाही, तिला वेगळा स्टँड.

मेव्हण्यानं कलर पत्रा धरलाय, पफ फक्त ऑफिसच्या खोलीवर. रंगावर मात्र अडलंय, त्याला गडद निळा हवा, मी म्हणतो पांढरट घे, ऊन कमी ओढतो.