मोदक-फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या तर ग्रुप, ब्रॉडकास्ट, चॅनेल की रील?

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी यंदा गणपतीपासून घरगुती मोदकांच्या ऑर्डरी घेणार आहे. परवा तिनं जिन्यातच गाठलं. "काकू, ग्रुप काढू की चॅनेल? आणि इन्स्टावर रील टाकायलाच लागतं का?" मी गेली नऊ वर्षं उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून देते. या काळात व्हॉट्सॲपनं जे जे नवीन काढलं ते वापरून पाहिलं. काही ठेवलं, काही दोन महिन्यांत सोडून दिलं. जिन्यात उभ्या उभ्या तिला सगळं सांगता आलं नाही, आणि हा प्रश्न तिला एकटीलाच पडतो असंही नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक ठरवा: तुम्ही जे विकताय ते किती टिकतं? उकडीचा मोदक सकाळी केला की दुपारच्या नैवेद्यापर्यंत त्याची खरी चव. चकली घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहते. म्हणजे मोदकाचं गिऱ्हाईक तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आतलंच असणार, आणि चकलीचं नागपुरातही असू शकतं. दोघांसाठी एकच साधन चालत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

ग्रुपपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जणी तिथूनच करतात. आता ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात, काढायला मिनिटभर लागतं. माझाही होता, 140 जणांचा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यावर "मला 21", "आम्हाला 11", "ताई, माझ्या 21 चे 31 करा" असे मेसेज एकामागोमाग येत होते. मध्येच कुणी बाप्पाचा फोटो टाकला, त्यावर चाळीस जणांनी हात जोडले. माझे हात उकडीत. रात्री साडेदहाला वही घेऊन मेसेज मागे मागे सरकवत ऑर्डरी उतरवल्या आणि त्यात एका घराचे 21 मोदक सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांचा फोन आला. पानं मांडलेली, आरतीला माणसं उभी, आणि नैवेद्याचं ताट रिकामं. घरच्या नैवेद्यातले 11 काढून मुलाला पळवलं. ते लोक एका शब्दानं काही बोलले नाहीत, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"फक्त ॲडमिननंच मेसेज पाठवायचे" ही सेटिंग लावली की ही गर्दी थांबते. पण ग्रुपची दुसरी खोट त्यानं जात नाही: प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. माझ्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी विमा विकायला एकेकीला फोन लावले होते. बायकांनी नंबर मला मोदकांसाठी दिला होता, विम्यासाठी नाही. त्यांचा राग माझ्यावर निघाला आणि तो रास्तच होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ग्रुप काढायचा तर एकाच सोसायटीचा, जिथे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. होळीला एका गेटवर 60 पुरणपोळ्या नेऊन द्यायच्या असतील तर ग्रुपसारखं सोयीचं दुसरं काही नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट ही या सगळ्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय. मला विचाराल तर तुमच्यासाठी हीच. एका लिस्टमध्ये 256 जण घेता येतात. तुम्ही एकदाच लिहायचं आणि प्रत्येकीला तो मेसेज तुम्ही तिलाच पाठवल्यासारखा वेगळा जातो. तिचं उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, आणि 21 मोदकांची ऑर्डर त्याच बाईच्या चॅटमध्ये राहते, फोटोंखाली गाडली जात नाही.

यात एक मेख आहे आणि ती पहिल्या वर्षी सगळ्यांना नडते. तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतो. एक जुन्या काकू दर दिवाळीला दोन किलो चिवडा नेतात. एका वर्षी त्यांची ऑर्डर आली नाही. नंतर भाजीबाजारात भेटल्या तर म्हणाल्या, "या वर्षी कळवलं नाहीस गं." मी कळवलं होतं. त्यांनी फोन बदलला होता आणि माझा नंबर नव्या फोनमध्ये आलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर मी एक चिठ्ठी चिकटवते: माझं नाव, नंबर, आणि "हा नंबर सेव्ह केलात तरच पुढच्या वेळचा मेसेज येईल." डबा पोचवताना मुलगा तोंडीही सांगतो. मेसेज पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची माहिती उघडून तो कुणाकुणाला पोचला ते बघा, आणि ज्यांना नाही त्यांना सरळ फोन करा.

व्हॉट्सॲपचं चॅनेल, म्हणजे आपण लिहायचं आणि फॉलो करणाऱ्यांनी वाचायचं अशी सोय, सप्टेंबर 2023 मध्ये भारतात आलं तेव्हा मलाही वाटलं, आता सगळे प्रश्न सुटले. फॉलोअर कितीही असोत, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, तुमचाही त्यांना दिसत नाही. काढलं. बेसनाच्या लाडवांचा फोटो टाकला, त्यावर नव्वद बदाम (लाल हृदयाच्या खुणा) आले आणि ऑर्डरी आल्या चार. कारण सरळ आहे. चॅनेलची पोस्ट चॅटमध्ये येत नाही, अपडेट्सच्या वेगळ्या टॅबमध्ये जाते, आणि आपली गिऱ्हाइकं तिथे रोज डोकावत नाहीत. ज्यांनी बदाम दिला त्यांना "अर्धा किलो ठेव" असं तिथल्या तिथे मला लिहून कळवायची सोय नव्हती. शिवाय चॅनेलवरचे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर 30 दिवसच ठेवले जातात, तेव्हा गेल्या दिवाळीची दरयादी पुढच्या दिवाळीला तिथे सापडेल असं धरून चालू नका. तरी चॅनेल काढायचंच असेल तर प्रत्येक पोस्टखाली स्वतःचा नंबर किंवा थेट चॅट उघडणारी लिंक द्या. बदामांवरून मात्र गूळ-नारळ भरू नका.

कम्युनिटी हा प्रकार शाळा, मोठी सोसायटी, मंडळ यांच्यासाठी आहे, अनेक ग्रुप एका छत्राखाली आणायला. एकटीच्या स्वयंपाकघराला त्याची गरज नाही.

स्टेटस मात्र सोडू नका. तो 24 तासांत जातो आणि मोदकाला नेमकं तेवढंच हवं असतं. संकष्टीच्या आदल्या दिवशी सकाळी मी कळ्या पाडलेल्या एकाच मोदकाचा जवळून काढलेला फोटो टाकते आणि खाली "उद्यासाठी दुपारी चारपर्यंत सांगा" एवढंच. ज्यांच्याशी दोन्ही बाजूंनी नंबर सेव्ह आहे अशांनाच तो दिसतो, पण आपल्याला तीच माणसं हवी असतात.

साधं व्हॉट्सॲप ठेवायचं की बिझनेस, यात फार विचार करू नका. बिझनेस ॲप फुकट आहे, ते घ्या. त्यात पदार्थांचा कॅटलॉग लावता येतो, वजन आणि दरासकट. "पैसे आले", "पोचवायचं आहे" अशी रंगीत लेबलं चॅटला लावता येतात. दहादा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर एकदाच लिहून ठेवलं की तिरकी रेघ टाइप करून ते पुढे येतं. प्रोफाइलमध्ये अन्न परवान्याचा 14 अंकी नोंदणी क्रमांक लिहा, नवीन माणूस त्यानं निर्धास्त होतो. आणि मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: तेच खातं आणखी चार उपकरणांवर जोडता येतं. माझे हात पिठात असतात तेव्हा लेक बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर उत्तरं देते.

आता रील. टिकटॉक 29 जून 2020 ला भारतात बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं इथे रील्स आणल्या. मी सोऱ्यातून पडणाऱ्या चकलीच्या वेटोळ्याची 40 सेकंदांची रील टाकली, ती हजारो लोकांनी पाहिली. इंदूरहून, नागपूरहून, पुण्याहून विचारणा आल्या. मोदकासाठी यातली एकही उपयोगाची नव्हती. चकल्या कुरिअरनं पाठवल्या तर निम्म्या तुकडे होऊन पोचल्या, त्यांचे पैसे मी परत केले. शंकरपाळे आणि चिवडा मात्र नीट जातात. रील नवीन माणसं आणते, पण ती लांबची असतात. लांब पोचेल असा पदार्थ आणि तो बांधायची रीत हाती असेल तरच रीलवर वेळ घाला. पहिल्या वर्षी तरी नको.

दोन सावधगिऱ्या. हजारो लोकांना एकदम मेसेज पाठवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका, अशानं व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. आणि मोठी ऑर्डर देऊन "पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा माणूस चोर असतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेत रक्कम आल्याचं बघूनच डबा द्या.

त्या मुलीला मी आता एवढंच सांगणार आहे: बिझनेस ॲप, एक ब्रॉडकास्ट लिस्ट आणि संकष्टीला स्टेटस. चॅनेल आणि रील पुढच्या दिवाळीला बघू. आणि एक दोनशे पानी वही. टिकटॉकवर माल विकणाऱ्यांची गिऱ्हाइकं ॲपबरोबर गेली, कारण नंबर त्यांच्याकडे नव्हते. माझ्या वहीत प्रत्येक पानावर नाव, नंबर, बिल्डिंग आणि मजला आहे, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: गूळ कमी, जायफळ नको, डबा परत येणे बाकी.