अल्फा कप्पा अल्फा की डेल्टा सिग्मा थीटा?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या या दोन्ही सोरोरिटी, म्हणजे महाविद्यालयीन भगिनी-संघटना, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाल्या. पहिली १९०८ची, तिच्यातील २२ जणींनी अधिक उघड सार्वजनिक कार्याच्या ओढीने वेगळे होऊन १९१३ मध्ये दुसरी उभारली, आणि अवघ्या काही आठवड्यांत, ३ मार्चला, त्या स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागच्या रांगेत चालावे असा काही आयोजकांचा आग्रह असताना त्या तेथे उतरल्या, हे विशेष. म्हणून राजकारणाची आवड असलेल्या विद्यार्थिनीला डेल्टा जवळची वाटणे साहजिक आहे. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शर्ली चिझम याच संघटनेच्या होत्या.

मात्र अल्फा कप्पा अल्फाला केवळ तिच्या ठरलेल्या गुलाबी-हिरव्या रंगांची हौस मानणे अन्यायाचे ठरेल. १९३५ पासून तिच्या सदस्यांनी मिसिसिपीतील गरीब शेतमजुरांपर्यंत मोटारींतून आरोग्यसेवा नेली. कमला हॅरिसही हॉवर्डमध्ये शिकताना तिच्याच सदस्य झाल्या.

प्रवेशासाठी गुणांची अट दोन्हीकडे आहे, खर्चही आहे. एकीत गेल्यावर दुसरीचे दार कायमचे बंद होते, त्यामुळे आपल्या महाविद्यालयातील शाखा वर्षभर नेमके काय करते आणि बंदी असूनही नव्या मुलींचा छळ होतो का, याची चौकशी आधीच करावी.