आयपी ६७ लाइटमध्ये चार महिन्यांत पाणी, आणि २२० रुपयांच्या काचेचं काम

माशांच्या टाकीवरच्या लाइटच्या वॉरंटीसाठी इथे इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदाराकडे तीन वेळा खेपा घातल्या, म्हणून हे लिहितेय. अडीच फुटी टाकी, चार गोल्डफिश. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हापासून सगळं मीच बघते, आणि लाइट त्यानेच जायच्या आधी ऑक्टोबरात लावून दिली होती, १४५० ची, खोक्यावर ठळक आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही असा दर्जा. त्याआधी पत्र्याच्या हुडमध्ये ४० वॉटचा पिवळा बल्ब होता. एकदा दाणे टाकताना माशाने शेपटी मारली, गरम बल्बवर पाणी उडालं आणि टक् करून फुटला, काचा सगळ्या टाकीत. ते तुकडे वेचताना इतकी घाबरले होते की एलईडीला मी लगेच हो म्हटलं.

उजेड छान, वीज कमी, त्याबद्दल तक्रार नाही. पण फेब्रुवारीत एका टोकाला आतून धुकं धरलं, मग थेंब दिसायला लागले, मग तेवढ्या चार इंचातला उजेडच गेला. दुकानदार म्हणे, "भाभीजी, इसमें पानी चला गया, वारंटी नहीं मिलेगी." अहो पाण्यावर लावायलाच विकली ना तुम्ही! तिसऱ्या खेपेला तर त्याने मान वर करून बघितलं नाही. रिक्षाचे पैसे गेले ते वेगळेच.

आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांनी खोलून दाखवली. टोकाची ती प्लास्टिकची टोपी, जिथून वायर आत जाते, तिथला गोंद सुटला होता. त्यांनी सांगितलं ते मला एकदम पटलं: ६७ मधला ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल एवढंच, महिनोन्‌महिने वाफेवर राहील असं नाही. लाइट चालू असली की आतली हवा तापून फुगते, रात्री बंद केली की आकसते आणि जरा फट असली तरी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, रोज थोडी थोडी. म्हणजे सगळा खेळ त्या टोपीचा. घेताना लाइट किती वॉटची ते नंतर बघा, आधी ती टोपी बघा, वायरपाशी बोटाने हलवून बघा, हलली तर घेऊच नका.

मग काचवाल्याकडून ४ एमएमची काच आणली, दोन तुकडे, कडा घासून, एक कोपरा पाइपसाठी कापून, सगळे मिळून २२० रुपये. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडत होतं पण ते ओल लागून वाकतं, म्हणून नाही घेतलं. टाकीच्या आत सिलिकॉनने पट्ट्या चिकटवून त्यावर काच ठेवली आणि नवीन साधी १२ व्होल्टची लाइट वर, ५५० ची. हे पहिल्या दिवशीच केलं असतं तर १४५० वाचले असते, ते अजून मनाला लागतं.

एप्रिलपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की काच पूर्ण बंद ठेवा. ते चूक होतं, मागे घेते. मे महिन्यात पाणी ३३ डिग्रीवर गेलं आणि गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पाण्याची वाफ होते तेव्हाच पाणी थंड होतं आणि मी तीच कोंडून ठेवली होती, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. जीव कासावीस झाला त्यांच्याकडे बघून. आता मागची काच दीड इंच सरकवलेली असते आणि लाइट लाकडी ठोकळ्यांवर तीन इंच उंच, म्हणजे तिची स्वतःची गरमीही वरच निघून जाते. दुपारी छोटा फॅन लावला की पाणी ३० वर येतं.

काचेला खालून पांढरे डाग पडतात, नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून मध्ये बोरिंगचं भरावं लागतं, त्यातले क्षार. पंधरा दिवसांनी काच उतरवून सिंकमध्ये सिरक्याने पुसते आणि नीट धुते, नाहीतर उजेड अर्धा होतो.

आणि अडॅप्टर टाकीच्या वर ठेवू नका, तो काही वॉटरप्रूफ नसतो. माझा बाजूच्या भिंतीवर आहे आणि वायरला बोर्डाच्या खाली एक झोळ सोडलाय, वायरवरून पाणी ओघळलं तरी तिथूनच खाली ठिबकतं, प्लगपर्यंत जात नाही. हात घालायच्या आधी मेन बटण बंद करायचं, हे आधी मुलगाच मला फोनवर रोज सांगायचा, आता तोच मला विचारतो.